स्किटमधला हशा नेमका कुणावर पडतो?

मुंबईतलं एक हॉटेल, नाव 'माउंटबॅटन'. शुक्रवारची रात्र. लस्सी ढोसून तर्र झालेलं भारतीय तरुणांचं एक टोळकं आत शिरतं. दर शुक्रवारी रात्री 'इंग्लिश खायला' यायचं, हा त्यांचा शिरस्ता. वेटर गोरा आहे, नाव जेम्स. ते साधं नावही टोळक्याला धड उच्चारता येत नाही आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. मेन्यूकार्ड चाळता चाळता एकजण छाती फुगवून विचारतो, तुमच्याकडे सगळ्यात मिळमिळीत काय आहे? एकीला बिचारीला साधी चिकन करी हवी असते, पण बाकीचे तिला गप्प करतात. इंग्लिश हॉटेलात आलोय, तर इंग्लिशच खायचं. शेवटी ऑर्डर जाते तेव्हा तिच्यात बटाट्याच्या चिप्सच्या २४ प्लेट असतात.

हे स्किट बीबीसीवरच्या 'गुडनेस ग्रेशस मी' या कार्यक्रमातलं. १९९८ साली ते टीव्हीवर आलं, तेव्हा ब्रिटनमधल्या प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागलं नाही. शुक्रवारी रात्री पबमध्ये बिअर प्यायची आणि मग 'इंडियन खायला' जायचं, ही तिथली जुनी रीत. मेन्यूतला सगळ्यात तिखट विंदालू मागवून मर्दुमकी दाखवायची (गोव्यातल्या घराघरातला विंदालू तिथे पैजेची वस्तू होऊन बसला), पापडांचा ढीग लावायचा, वेटरच्या नावाची खिल्ली उडवायची. हे वेटर म्हणायला 'इंडियन', पण बहुतेकजण बांगलादेशातल्या सिल्हेटकडचे. वर्षानुवर्षं दर शुक्रवारी ते हे सोसत होते.

स्किट लिहिणाऱ्यांनी केलं काय, तर फक्त खुर्च्यांची अदलाबदल. वागणं तेच, मग्रुरी तीच, दारूच्या जागी लस्सी आणि तिखटाच्या जागी मिळमिळीत. 'आमच्याशी असं वागू नका' असं वाक्य त्यात कुठेही नाही. तक्रारीचा सूर नाही. आणि तरीही दर शुक्रवारी करी खायला जाणाऱ्या माणसाला टीव्हीसमोर बसल्या बसल्या आपला चेहरा दिसला. तो हसला आणि हसता हसता त्याला कळलं की आपण आपल्यालाच हसतोय.

सामाजिक उपहास म्हणतात तो हाच. चेष्टा, विडंबन आणि उपहास हे शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण स्किट समजून घ्यायचं तर थोडा फरक करायला हवा. चेष्टेत एखाद्याचं दिसणं, बोलणं, चालणं पकडलेलं असतं. विडंबनात एखाद्या गोष्टीची हुबेहूब पण वाकडी नक्कल असते. उपहास त्या दोघांचीही हत्यारं उचलतो, पण त्याचा नेम वागण्यावर असतो, विशेषतः जे वागणं सगळ्यांनी मुकाट चालवून घेतलेलं असतं त्याच्यावर. स्किटला हे काम चार-सहा मिनिटांत करायचं असतं. कादंबरीसारखी पात्रं उभी करायला वेळ नसतो. म्हणून स्किट नेहमी साच्यावर चालतं: खडूस सासू, लाचखाऊ हवालदार, कंजूष घरमालक. साचा वापरल्याशिवाय स्किट उभंच राहत नाही आणि साच्यातच सगळा धोका असतो. प्रेक्षकाने ओळखावं म्हणून आपण साचा घेतो, आणि तो हजारदा दाखवला की ज्यांचा तो साचा आहे त्यांना लोक तेवढंच ओळखू लागतात.

हे आपल्या घरातल्या उदाहरणावर करून बघू. कांदेपोह्यांचा कार्यक्रम. सोफ्यावर मुलगा, त्याची आई, त्याचा मामा. मुलगी ट्रे घेऊन येते.

पहिली तऱ्हा. मामा वर बघतो आणि विचारतो, "लाईट गेली का हो?" ट्यूब चालूच असते. मुलगी सावळी आहे, एवढाच काय तो पंच. हशा पिकतो. मुलगी खाली मान घालून उभी. तिला एकही वाक्य लिहिलेलं नाही.

दुसरी तऱ्हा. मामा तेच विचारतो. मुलीचे वडील निमूट उठतात आणि दुसरी ट्यूब लावतात. मग टेबललॅम्प आणतात. मग मोबाइलचा टॉर्च. खोली लख्ख उजळते आणि त्या उजेडात मुलाच्या कपाळावर ओघळलेला कलप दिसायला लागतो. त्याच्या आईच्या नव्या पैठणीला लटकलेली भाड्याच्या दुकानाची चिठ्ठी दिसते. मामाच्या काखेतली उसवलेली शिवण दिसते. "पुरे, पुरे, दिसलं!" मामा हात वर करून म्हणतो आणि शिवण आणखी उसवते.

तिसरी तऱ्हा. पाहुणे अजून यायचे आहेत. मुलीची आत्या फोनवर बोलते आहे. "नाही हो, पाचला नको, तीनलाच या. नाही, घाई कसली! आमच्या हॉलच्या त्या खिडकीतून तीनलाच जरा बरा उजेड येतो, म्हणून म्हटलं." मुलगी पोह्यांवर खोबरं पेरता पेरता थांबते आणि म्हणते, "आत्या, मग लग्नाचा मुहूर्तही तीनचाच काढू या का?"

तिन्हींचा विषय एकच आहे, सावळ्या रंगावरून मुलगी नाकारणं. पहिल्यात हशा मुलीवर पडतो. दुसऱ्यात तो बघायला आलेल्यांवर उलटतो. 'माउंटबॅटन'मधलं स्किट या जातीचं. तिसऱ्यात खलनायक कुणीच नाही. आत्याचं भाचीवर प्रेम आहे, तिचं भलं व्हावं म्हणूनच ती वेळ मागून घेते आहे. हसू येतं आणि कुठेतरी लागतंही. मला तिसरी तऱ्हा सगळ्यात वरची वाटते, आणि त्याचं कारणही साधं आहे. लाईट जाण्याचा विनोद कुणालाही सुचतो. तीन वाजताची खिडकी फक्त त्यालाच सुचते, ज्याने त्या घरात पोहे परतलेत.

इथे प्रतिनिधित्वाचा प्रश्न येतो. आपल्या भाषेत याचे दोन शब्द आहेत, चित्रण आणि प्रतिनिधित्व, आणि इंग्रजीत दोन्हींना मिळून एकच. आपले दोन शब्द जास्त कामाचे आहेत. पडद्यावर एखाद्या समाजाचा माणूस कसा दिसतो ते चित्रण. ते ठरवण्याच्या खोलीत त्या समाजाचा माणूस बसलेला आहे का, ते प्रतिनिधित्व. पहिलं सगळ्यांना दिसतं. दुसरं श्रेयनामावलीत पळत्या अक्षरांत निघून जातं.

ब्रिटिश टीव्हीवर भारतीय माणूस 'गुडनेस ग्रेशस मी'च्या आधीही होता. १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' नावाची मालिका चालली. तिची सुरुवातीची पार्श्वभूमी आपल्या देवळालीची. नाशिकजवळच्या या छावणीत ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने अडकून पडायचे, आणि त्यातून इंग्रजीत वेड लागल्याला 'डूलॅली' म्हणायची पद्धत पडली. मालिकेच्या दोन लेखकांपैकी एक, जिमी पेरी, स्वतः देवळालीच्या लष्करी करमणूक पथकात होते. त्यामुळे सैनिकांचा कंटाळा, सार्जंटची दमदाटी, नाटकातल्या बायकी भूमिका हे सगळं आतून लिहिलेलं होतं. पण त्या पथकाचं सगळं बघणारा भारतीय 'बेअरर' (म्हणजे नोकर) रंगी राम साकारला मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, तोंडाला काळा रंग फासून. बेट्स जन्मले झाशीला, त्यांना हिंदुस्तानी बोलता यायची. तरी तो रंगच होता. त्याच बीबीसीवर १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षं गोरे गायक तोंडं काळी करून गाण्यांचा कार्यक्रम करत होते, आणि तो लोकप्रिय होता. म्हणजे रंगी राम हा एकट्यादुकट्याचा प्रमाद नव्हता. तेव्हा हे चालत होतं, कारण हरकत घेणारा माणूस खोलीत नव्हता.

'गुडनेस ग्रेशस मी' हे नावच या जुन्या हिशेबातून आलं. १९६० साली पीटर सेलर्सने एका चित्रपटात भारतीय डॉक्टरची भूमिका केली, त्या वेळी सोफिया लॉरेनबरोबर त्याने याच शब्दांचं एक गाणं गायलं होतं, ओढूनताणून आणलेल्या भारतीय उच्चारांत. पुढे पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटनमधल्या भारतीय मुलांना शाळेत याच सुरात चिडवलं गेलं. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया या चौघांनी आणि निर्माता अनिल गुप्ता यांनी तेच शब्द उचलून पाटीवर लावले. आधी हे रंगमंचावर झालं, तेव्हा प्रयोगाचं नाव होतं 'पीटर सेलर्स इज डेड'. मग १९९६ मध्ये रेडिओवर, आणि तिथे चाललं म्हणून १९९८ मध्ये टीव्हीवर. टीव्हीवरचं शीर्षकसंगीत म्हणजे ते जुनंच गाणं, पण भांगड्याच्या ठेक्यावर.

लेखणी हातात आल्यावर त्यांनी काय लिहिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गोऱ्यांना टोले मारणारी स्किटं होतीच, पण पुष्कळशी आपल्याच माणसांवर होती. दोन आया, दोघींची आपापल्या मुलाच्या कर्तबगारीवरून चाललेली चढाओढ, शेवटी कुठल्या थराला जाते ते सांगायलाही नको. हॉटेलात कुठलाही पदार्थ बघून 'हे तर मी घरी फुकटात करते' म्हणणारी बाई. जगातली प्रत्येक थोर गोष्ट मूळची भारतातलीच, असं मुलाला पटवून देणारे वडील. इंग्रज दिसायच्या हौसेत कपूरचं कूपर आणि रवींद्रनाथचं रॉबिन्सन करून घेतलेली जोडपी. हे वडील, या आया वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात नाहीत? ही सगळी तीन वाजताची खिडकी. साचेच आहेत, पण आतून शिवलेले, आणि म्हणून त्यांना वास येतो, आवाज येतो. कार्यक्रमातल्या दोन टपोरी पोरांच्या तोंडी असलेला 'चड्डी' शब्द इतका पसरला की २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाने तो दाखल करून घेतला.

मग प्रश्न सुटला का? ज्याचं त्याने लिहावं आणि ज्याचं त्याने साकारावं, एवढं पाळलं की झालं? तसं असतं तर विषय इथेच संपला असता. पण विनोद लेखकाच्या हातून सुटला की तो प्रेक्षकाचा होतो, आणि प्रेक्षक तो आपापल्या घरी नेऊन आपल्याला हवा तसा वापरतो.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा अमेरिकेतून मिळतो. १९७१ साली तिथे 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका सुरू झाली. आर्ची बंकर नावाचा एक वर्णद्वेष्टा, तोंडाळ गृहस्थ आणि त्याला रोज उघडं पाडणारे त्याची मुलगी व जावई. लिहिणाऱ्यांचा हेतू स्पष्ट होता, द्वेषाला हसायचं. १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालिका आवडणारे दोन्हीकडचे होते. ज्यांच्या मनात पूर्वग्रह कमी, ते आर्चीला हसत होते. ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्चीचं म्हणणं पटत होतं, आणि वादात शेवटी तोच जिंकतो असं वाटत होतं. दृश्य एक, वाक्यं एक, हशाही एकाच जागी, आणि तरी दोन वेगळे कार्यक्रम बघून लोक झोपायला जात होते.

डेव्ह शपेलला हे स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. २००३ मध्ये सुरू झालेला त्याचा स्किटचा कार्यक्रम अमेरिकेत तुफान चालला. कृष्णवर्णीय विनोदकार, स्वतःच लिहिणारा, वर्णभेदाचे सगळे साचे उलटेपालटे करणारा. पहिल्याच भागात त्याने एक आंधळा माणूस आणला होता, जो गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाची भाषणं ठोकतो आणि आपण स्वतः काळे आहोत हे त्याला ठाऊकच नाही. पुढच्या दोन हंगामांसाठी त्याच्याशी सुमारे ५ कोटी डॉलरचा करार झाल्याच्या बातम्या होत्या. २००५ मध्ये चित्रीकरण अर्धवट टाकून तो दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. नंतर ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात त्याने कारण सांगितलं. एका स्किटमध्ये त्याने तोंड काळं रंगवून परीकथेतल्यासारख्या एका बुटक्याचं सोंग घेतलं होतं. माणसाच्या मनातला न्यूनगंड म्हणजे हा बुटका, तो कानात कुजबुजतो, असा बेत होता. चित्रीकरणाच्या वेळी सेटवरचा एक गोरा माणूस हसला. त्या हसण्याची जात शपेलला खटकली. तो माणूस विनोदाबरोबर हसत नव्हता, रंगवलेल्या तोंडाला हसत होता. इतकी वर्षं विनोदात काढलेल्या माणसाला तो फरक हशाच्या नुसत्या आवाजावरून कळला.

यावर रामबाण उपाय नाही, पण लिहिणाऱ्याच्या हातात काहीच नसतं असंही नाही. वर दुसऱ्या तऱ्हेतला मामा आठवा. त्याचं वाक्य ठेवलं, पण पुढची मिनिटभर करामत वडिलांच्या हातात दिली, आणि शेवटचा फजितवडा मामाच्याच पदरात टाकला. कॅमेरा हशाच्या क्षणी कुणाच्या चेहऱ्यावर आहे, शेवटचं वाक्य कुणाला दिलंय, ज्याच्यावर विनोद आहे त्याला काही इच्छा आहे की तो नुसताच उभा आहे, या बारीक गोष्टींवर हशाची दिशा ठरते. 'लाईट गेली का' नंतर लगेच हसणारे परीक्षक दाखवले तर एक अर्थ, ट्रे धरलेले मुलीचे हात दाखवले तर दुसरा. संहितेतला शब्दही न बदलता संकलनात स्किटचा अर्थ फिरतो.

आणखी एक गुंता. एका बाबतीत सोसलेला माणूस दुसऱ्या बाबतीत दुसऱ्याला सोसायला लावू शकतो. १९९० मध्ये अमेरिकेत किनन आयव्हरी वेयन्सने 'इन लिव्हिंग कलर' सुरू केला. प्रामुख्याने कृष्णवर्णीय विनोदकारांचा, त्यांच्या नजरेतून लिहिलेला स्किटचा कार्यक्रम, तेव्हाच्या टीव्हीवर मोठीच गोष्ट. पण त्याच कार्यक्रमातल्या दोन समलिंगी चित्रपट-समीक्षकांच्या स्किटवर समलिंगी समूहांतून टीका झाली, कारण मुरडणं आणि लचकणं यापलीकडे त्या दोघांना फारसं काही दिलेलं नव्हतं. टीव्हीवर आपला समाज माणसासारखा दिसावा म्हणून झगडणाऱ्यांनी शेजारच्या समाजाला मात्र साच्यात ठेवलं.

'सॅटर्डे नाईट लाइव्ह'चा किस्सा आपल्याला जास्त जवळचा वाटेल. १९७५ पासून चाललेला हा अमेरिकेतला मानाचा कार्यक्रम. २००७ मध्ये माया रुडॉल्फ गेल्यावर त्यांच्या मुख्य संचात एकही कृष्णवर्णीय स्त्री उरली नाही. मग अशा स्त्रीचं पात्र आलं की कुणीतरी पुरुष नट झगा चढवायचा. २०१३ मध्ये संचातल्या केनन थॉम्पसन या कृष्णवर्णीय नटाने सांगितलं की आपण यापुढे बायकांची सोंगं घेणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अभिनेत्री केरी वॉशिंग्टन पाहुणी आली. पहिल्याच स्किटमध्ये ती मिशेल ओबामा होती, तिलाच धावत जाऊन कपडे बदलून ओप्रा होऊन यावं लागलं, आणि मग बियॉन्से दारात उभी असल्याची वर्दी आली. दरम्यान पडद्यावर निर्मात्यांची जाहीर दिलगिरी सरकत होती. कार्यक्रमाने स्वतःचीच उणीव स्वतःच्या स्किटमध्ये मांडली. जानेवारी २०१४ मध्ये सशीर झमाटाला संचात घेतलं, आणि त्याच वेळी लेखनाच्या चमूत लकेंड्रा टूक्स व लेस्ली जोन्स या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया आल्या. बातम्यांत झमाटाचं नाव मोठं छापलं गेलं. मला त्या दोन लेखिका तितक्याच मोलाच्या वाटतात.

झगा चढवणाऱ्या पुरुषावरून थेट आपल्या साडीवर येऊ.

आपल्याकडे पुरुषाने स्त्री साकारणं याला परंपरा आहे, आणि तिच्यात पोटभेद आहेत. बालगंधर्व साडीत आले की प्रेक्षक हसत नव्हते. त्यांचं नेसणं, दागिने, चालणं बघून बायका तशा नटायच्या. स्त्रियांना रंगमंच बंद होता म्हणून ती वाट निघाली. तमाशातल्या गौळणीतली मावशी वेगळी. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची ही म्होरकी पुरुषच करतो, तिच्याकडे बघून हसायचंच असतं, पण मावशी कृष्णाला आणि पेंद्याला तोडीस तोड उत्तरं देते. तिच्याकडे वाक्यं आहेत. टीव्हीवरच्या कितीतरी स्किटांत मात्र साडी, भडक लिपस्टिक, वेडीवाकडी उशी भरलेली छाती यावरच पंच संपतो, आणि एखादा टाळी वाजवून हशा मागतो तेव्हा तृतीयपंथी माणसाचं सगळं आयुष्य त्या टाळीत कोंबलेलं असतं. आता स्त्रिया रंगमंचावर येऊ शकत नाहीत असं नाही. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात यांचं टायमिंग उभा महाराष्ट्र बघतो. म्हणून आज पुरुषाला साडी नेसवली की विचारायला हवं: या पात्राला सांगायचं काही आहे, की साडी हाच विनोद आहे?

खरं तर उपहासाची दिशा आपल्या लोककलेला कधीची ठाऊक आहे. वगातला सोंगाड्या राजाला, प्रधानाला, पाटलाला, हवालदाराला बोलतो. त्याच्याहून गरीब माणसाची टर उडवून त्याला टाळ्या मिळत नाहीत. बतावणीतली दोघांची जुगलबंदी आजच्या स्किटच्या इतकी जवळ आहे की सख्खं नातं वाटावं. आणि लेखणीचा प्रश्नही इथे आधीच पडून गेला आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडं रचली, त्यात महाराच्या तोंडून 'जोहार मायबाप जोहार' म्हणवलं. ब्राह्मणाने महाराचा आवाज घेऊन गावाला चार शब्द सुनावणं ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती, यात मला शंका नाही. तरी लेखणी एकनाथांचीच होती. पुढे सत्यशोधक जलसे आले, मग भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे आले, आणि ज्यांच्या नावाने आजवर बोललं जात होतं ते स्वतः लिहून, स्वतः उभे राहून बोलायला लागले. तमाशाचाच साचा घेतला आणि आतला माल बदलला. 'गुडनेस ग्रेशस मी'च्या मंडळींनी सेलर्सच्या गाण्याचं केलं तेच.

मराठी स्किटमध्ये आज हा प्रश्न सगळ्यात जास्त कुठे दिसत असेल, तर बोलीत. वर्षानुवर्षं आपल्या पडद्यावर नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलले आणि वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलायला गडी, मोलकरीण, हवालदार. बोली कानावर पडली की हसायचं, ही सवय आपल्याला लावली गेली. बाहेरचा लेखक वऱ्हाडी लिहितो तेव्हा दर वाक्याला 'बे' जोडतो आणि मोकळा होतो. नागपूरचं 'बे' आणि अकोल्याकडचं 'काऊन' यांचं त्याला सोयरसुतक नसतं. भारत गणेशपुरेंसारखा विदर्भातला नट तीच बोली बोलतो तेव्हा हसू शब्दाला येत नाही. आळोखेपिळोखे देत, वाक्य सावकाश ओढत, समोरच्याची अक्कल काढण्याची जी रीत आहे, तिला येतं. गौरव मोरे पवईच्या फिल्टरपाड्याचं नाव घेत एंट्री घेतो. एरवी वस्तीचं नाव बातम्यांत पाणी तुंबलं किंवा घर पडलं की येतं. 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून ते टाळ्यांत येतं, तेव्हा त्या वस्तीतल्या पोराला पत्ता सांगताना काय वाटत असेल, ते मी समजू शकतो.

आणि उलटही समजू शकतो. काही वर्षांपूर्वी बहिणीकडे आम्ही सगळे जेवणानंतर टीव्हीसमोर बसलो होतो. एका विनोदी कार्यक्रमात लाईट जाण्याचा तो विनोद झाला, जवळपास वर लिहिलाय तसाच. सगळे हसले, मीही हसलो. माझी भाची तेव्हा नववीत होती, रंगाने बापावर गेलेली. तीही हसली, सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकंच. मग पाणी आणते म्हणून उठली. कुणी पाणी मागितलेलं नव्हतं. जाहिराती संपून कार्यक्रम पुन्हा सुरू झाला तरी आत भांड्यांचा आवाज येत होता. त्या हसण्याचा मला आजही त्रास होतो, तिच्याही आणि माझ्याही. 'अहो, विनोद आहे, हलक्यात घ्या' असं म्हणणाऱ्यांना मी वाईट समजत नाही. पण ती हलक्यातच घेत होती, वर्षानुवर्षं, आणि ते वजन तिचं तिलाच माहीत होतं.

आता ती कॉलेजात आहे. वर लिहिलेल्या तीन तऱ्हांपैकी तिसरी माझी नाही, तिची आहे. यंदाच्या गॅदरिंगला तिच्या गटाने दहा मिनिटांचं स्किट केलं, त्यातला तो प्रवेश. आत्याचं वाक्य आलं तेव्हा आधी मुली हसल्या, मुलांच्या बाजूने हशा यायला थोडा वेळ लागला. माझ्या शेजारी बहीण बसली होती. ती हसली नाही, पण तिने माझा हात घट्ट धरला. बहिणीच्या हॉलची खिडकी पश्चिमेची आहे. दुपारी तीनला तिथे खरोखरच फार छान उजेड येतो.